दोन चमचे तेल: ‘क्लीन’ डब्याचे दोन महिने आणि तर्री पोह्यांचे चार रविवार

आधी पैशाचं बोलते, माझं पोट त्यावरच चालतं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५, महिन्याला २६ डबे, डब्याला २२० रुपये. महिन्याचे ५,७२० आणि दोन महिन्यांचे ११,४४० रुपये मी दुपारच्या जेवणावर घातले, तेही घरात ज्वारी, गहू, तूरडाळ भरलेली असताना. सासूबाईंना खरा आकडा अजून माहीत नाही. शंभराचा डबा आहे असं सांगितलं, तर त्यावरच त्या म्हणाल्या, “शंभर रुपयाचं गवत खाऊन राहिली का वं तू?”

डबेवाल्यांचं नाव लिहीत नाही. तक्रारी पुष्कळ आहेत, चांगलंही बरंच आहे, आणि नागपुरात आता ‘क्लीन ईटिंग’चे डबे देणारे इतके झालेत की एकालाच धरून झोडपण्यात अर्थ नाही. पत्रकं समोर ठेवली तर सगळ्यांची भाषा एकच. मैदा नाही, साखर नाही, रिफाइंड तेल नाही, ‘नो केमिकल्स’. (मग मीठ काय असतं, असं मी व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर म्हणून गुलाबी मिठाच्या पुडीचा फोटो आला.)

मी एका पतसंस्थेत हिशेब तपासते. वय ४९. जुलैमध्ये रक्त तपासलं तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आत गेलेली नाही, पण उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडते आहे असं समजा. डॉक्टर म्हणाले, चाला, थोडं वजन उतरवा आणि दुपारचं जेवण जरा नीट करा. माझं दुपारचं जेवण म्हणजे सकाळच्या घाईत डब्यात कोंबलेल्या तीन पोळ्या, आलूची भाजी, आणि चारच्या चहासोबत जे कुणी आणेल ते.

त्याच जुलैत आमच्या शहराचं नाव देशभर गाजलं. समोशात तेल किती, जिलेबीत साखर किती हे सांगणारे फलक लावायची गोष्ट निघाली आणि त्यात नागपूरच्या एम्सचं नाव पुढे. टीव्हीवर दोन दिवस ‘सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा आता समोशावर’ असं चाललं. मग सरकारला खुलासा करावा लागला की ठेल्यावरच्या पदार्थांवर इशारा छापायला कुणीही सांगितलेलं नाही, कामाच्या ठिकाणी लपलेल्या तेला-साखरेची आठवण देणारे फलक लावा, इतकंच म्हणणं आहे. तोवर आमच्या ऑफिसात दोन तट पडलेही होते. काउंटरवरची तरुण मुलं-मुली ‘क्लीन’ गटात. आणि आमचे रोखपाल साहेब ‘सगळं खावं, पण प्रमाणात’ या गटाचे पुढारी. हे वाक्य ते नेहमी हातात कचोरी धरून म्हणतात.

घरात मला असल्या तटांची सवय आहे. २०१८ च्या सुमारास विदर्भात काय, अख्ख्या महाराष्ट्रात, आहार सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित की ऋजुता दिवेकर असा एकच प्रश्न होता. मी दीक्षितांची: दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत. आमचे हे दिवेकरांचे: दर दोन तासांनी थोडंथोडं, पोळीला तूप लावून. त्या काळात आमचा फ्रिज कधी शांत नसायचा. हे उघडून काहीतरी घ्यायचे, मी उघडून बघायची आणि बंद करायची. सहा महिन्यांनी दोघंही पुन्हा साडेआठच्या जेवणावर आलो. तेव्हा नव्या पंथात शिरताना यावेळी एक ठरवलं: वजनकाटा घ्यायचा आणि वही ठेवायची. ४५० रुपयांचा छोटा काटा सीताबर्डीवरून आणला.

डब्याबद्दल आधी चांगलं सांगते. पावणेएकला डबा टेबलावर, दोन महिन्यांत उशीर फक्त तीनदा, आणि त्यातला एक मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तो), जेव्हा नागपुरात रस्त्यानं काहीच वेळेवर पोचत नाही. डबा स्टीलचा, दुसऱ्या दिवशी परत न्यायचा. भाजी भरपूर. मी मोजली, सरासरी १८० ग्रॅम, म्हणजे माझ्या घरच्या डब्यातल्या भाजीच्या जवळजवळ दुप्पट. बुधवारचा बेत सगळ्यात सरस: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वाटीभर चून (म्हणजे पिठलं), कांदा आणि ताक. हा बेत करणारी बाई इथली आहे, हे पहिल्याच घासाला कळलं. अंबाडीत तांदळाच्या कण्या होत्या आणि लसणाची फोडणी हात राखून नव्हती. दुपारी तीनला डोळे मिटायचे ते बुधवारी मिटेनात. हा बेत ‘मिलेट वेन्सडे’ या नावानं यायचा, त्याला माझी हरकत नाही. आपल्या भाकरीला बाहेरचं नाव मिळालं की पोरं ती खातात.

बाकीचे दिवस असे. सोमवारी क्विनोआची खिचडी. क्विनोआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतलं धान्य, भगरीपेक्षा बरंच महाग, आणि चवीला भगरीचा लांबचा, थोडा रुसलेला नातेवाईक. मंगळवारी नाचणीच्या पोळीत पनीर. गुरुवारी ‘बुद्धा बोल’, म्हणजे एकाच वाडग्यात मांडलेलं धान्य, भाज्या आणि ॲव्होकॅडो. यावर आमच्या ऑफिसातल्या एका मॅडम, ज्यांच्या घरून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भोजनदान असतं, त्या डब्यात डोकावून म्हणाल्या, “भिक्षापात्रात पडेल ते खायचं असते, ताई. हे तर सगळं निवडून-निवडून भरलंय.” त्यानंतर गुरुवारी मला तो ॲव्होकॅडो हसल्याशिवाय खाता आला नाही.

सगळ्यावर भुरभुरवलेल्या तपकिरी बिया होत्या, यादीत ‘फ्लॅक्स सीड्स’. म्हणजे आपलं जवस. माझ्या आजीच्या घरी जवसाची चटणी रोज पाट्यावर, आणि इतवारीकडच्या सावजी घरांमध्ये, विणकर हलबा कोष्टी लोकांच्या स्वयंपाकात, जवसाचं तेल पिढ्यान्‌पिढ्या. तेच जवस आता एकीकडे ‘क्लीन’ डब्याच्या माथ्यावर बसलंय आणि दुसरीकडे सावजीचा रस्सा ‘जंक’च्या यादीत. मला दोन्ही आवडतं, म्हणून बोलले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असायची: ३४० कॅलरी. मला आनंद झाला. ३४० मध्ये एवढं पोट भरतं तर काय पाहिजे? पण डब्यासोबत एक छोटी झाकणाची वाटी यायची, ड्रेसिंगची. आणि एका कागदात दोन खजुराचे लाडू. पहिले दहा दिवस मी हिशेबाच्या माणसासारखी नाही, गिऱ्हाइकासारखी खाल्लं. अकराव्या दिवशी वाटी काट्यावर ठेवली. ४५ ग्रॅम. घटक: ऑलिव्ह तेल, फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) लोणी, मध, लिंबू. तेल किती म्हणून विचारलं तर उत्तर आलं, ‘फक्त दोन टेबलस्पून, हेल्दी फॅट्स आहेत मॅम.’

दोन टेबलस्पून म्हणजे ३० मिलिलिटर, साधारण २७ ग्रॅम तेल. तेल कुठल्याही झाडाचं असो, ग्रॅमला ९ कॅलरी. झाल्या २४०. लाडू दोन मिळून ५६ ग्रॅम, त्यात अर्ध्याहून जास्त खजूर, बाकी बदाम-काजू. अंदाजे २३० कॅलरी. मग ३४० चा डबा आठशेच्या पुढे गेला. ही दोन पोळ्या, वरण, भाजी, मूठभर भात अशा माझ्या घरच्या जेवणापेक्षा कमी गोष्ट नाही, उलट चार घास जास्तच. मी फोन लावला. तिकडची मुलगी गोड होती. म्हणाली, “मॅम, ड्रेसिंग आणि लाडू ऑप्शनल आहेत, म्हणून ते चिठ्ठीत धरत नाही.” आमच्याकडे कुणी कर्जाचा हप्ता ‘ऑप्शनल’ म्हणून ताळेबंदाच्या बाहेर ठेवला असता तर मी लाल शाईनं गोल केला असता. इथे काय करणार? खाऊन झालं होतं.

खजुराच्या लाडवाचं थोडं अधिक, कारण ‘साखर नाही’ या दोन शब्दांनी माझी सगळ्यात जास्त फसगत केली. सुक्या खजुरात वजनाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास साखरच असते. म्हणजे त्या दोन लाडवांत २० ग्रॅमच्या घरात, चहाचे चार चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलंय. खजुरातली साखर वरून घातलेली नाही, सोबत तंतू आहेत, हे मला मान्य आहे. एक खजूर खाणं वेगळं. पण वाटून, गोळा करून, ‘शुगर फ्री’च्या धीरानं रोज दोन लाडू, आणि घरी आल्यावर ‘आज साखर नाहीच खाल्ली’ म्हणून चहात गुळाचा खडा? गूळ म्हणजेही मुख्यतः तीच साखर, थोडी खनिजं आणि बराच मान मिळालेली. माझ्या वहीत पहिल्या दहा दिवसांत ‘साखर: शून्य’ असं लिहिलंय. ते पान मी फाडलं नाही, ऑडिटमध्ये पानं फाडत नसतात.

दुसरी गंमत रात्रीची. डब्याच्या ग्रुपवर रोज सकाळी यादी यायची, काय ‘क्लीन’ आणि काय नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या मुलीचा निकाल लागला, त्यांनी पेढे आणले. मी नको म्हटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी डबा बंद केला, आणि तो बंद होताना जो आवाज झाला तो मला दिवसभर ऐकू आला. त्या रात्री साडेदहाला मी स्वयंपाकघरात उभ्यानं शेवेचं अर्धं पाकीट संपवलं. ताटलीत न घेता, दिवा न लावता. एका पेढ्यात किती असतं? आणि अर्ध्या पाकिटात? त्या आठवड्यात असं तीनदा झालं. काउंटरवरची आमची २४ वर्षांची मुलगी तर मामेभावाच्या लग्नात स्वतःचा डबा घेऊन गेली आणि पंगतीत बसलीच नाही. तिच्या आईनं मला फोन केला, मॅडम तुम्ही सांगा. शुद्ध खाण्याचा असा ध्यास लागण्याला १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ‘ऑर्थोरेक्सिया’ असं नाव दिलं होतं. त्या मुलीला काही तसं झालंय असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पंगतीत न बसणं मला लागलं.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे सोळा भाज्या, अंबील, कढी, वडे, पुरणाच्या पोळ्या, सगळं साग्रसंगीत. डबेवाल्यांनी त्या आठवड्यात ‘गिल्ट-फ्री पुरणपोळी’ काढली, एक १८० रुपयांना. बदामाच्या पिठाचं आवरण, आत डाळ आणि खजूर. मी कुतूहलानं एक मागवली आणि चार तुकडे करून घरात वाटली. सासूबाईंनी तुकडा तोंडात ठेवला, बराच वेळ चावला आणि विचारलं, “कोणाच्या बाळंतपणाची आहे?” आमच्या यांनी मारबतीच्या दिवशीच ‘इडा पीडा, साखर-मैदा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकून घेतली होती, ते काही बोलले नाहीत. मी दुपारी एक खरी पोळी खाल्ली, तूप घालून, बसून. आणि त्या रात्री शेवेचा डबा उघडला नाही. वहीत तशी नोंद आहे.

‘गिल्ट-फ्री’ हा शब्द मला त्या डब्यानंच शिकवला. त्याआधी पुरणपोळी खाताना मला पोट फुगेल याची काळजी वाटली असेल, अपराधी कधी वाटलं नव्हतं.

म्हणजे रोखपाल साहेबांचं खरं का? ‘सगळं खावं, पण प्रमाणात’? थांबा, त्यांच्या गटाचाही हिशेब माझ्याकडे आहे, आणि तो माझाच आहे. डबा लावल्यावरही मी बाहेरचं ‘कधीतरी’ खात होते. ऑगस्टच्या शेवटी वहीतल्या लाल नोंदी मोजल्या. समोसा पाच वेळा, आलूबोंडा तीन, कचोरी दोन, पाणीपुरी दोन, केक दोनदा, तर्री पोहे दोनदा, आणि एकदा वाटेत फुटाळा तलावावर मक्याचं कणीस, ज्याला लोणी लावलेलं म्हणून मी लाल शाईत टाकलं. १७. एकतीस दिवसांत सतरा ‘कधीतरी’. विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, महिन्यातून तीन-चारदा. खोटं बोलले नसते, मला तसंच वाटत होतं. साहेबांना मी ही वही दाखवली आणि म्हटलं, तुम्ही पण ठेवून बघा. त्यांनी चष्मा पुसला आणि एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या, यादीवर आले.

सप्टेंबरसाठी म्हणून ठरवलं: बाहेरचं एकच, रविवारी सकाळी, तर्री पोह्यांची एक प्लेट, बसून. बाकी आठवडा नाही. आता त्या ठेल्याचं परीक्षण.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ठेला आहे. सकाळी साडेसहाला पोह्यांचं पातेलं वाफेवर, शेजारी तर्रीचं भगोणं मंद आचेवर. पोहे पिवळे, सुटे, मोहरी-मिरचीची फोडणी हलकी. त्यावर हरभऱ्याचा लाल रस्सा, बारीक कांदा, सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांनी कोथिंबीर वाचावं), मूठभर चिवडा, लिंबाची फोड. ४० रुपये. चालवणारा पस्तिशीतला, हात एकदम चलाख. गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न, “तर्री मार के?” रविवारी साडेआठच्या पुढे गेलात तर पोहे खाली लागलेले मिळतात, म्हणून सातच्या आत जा. हरभरा नेहमी शिजलेला, फुटलेला नाही. तिखट जिभेला नाही, कानाला लागतं. बाकांना तेलाचा हात आहे, चांगली साडी नेसून जाऊ नका. पाणी घरून न्या.

पहिल्या रविवारी मी स्टीलचा डबा नेला आणि पोहे व तर्री वेगळी बांधून आणली. घरी तर्री काचेच्या उभ्या ग्लासात ओतली आणि अर्धा तास ठेवली. लाल तवंग वर आला. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, जणू काही तुपाची पारख चालली आहे. तवंग पळीनं काढून मुलाच्या लहानपणीच्या औषधाच्या मापात मोजला. २६ मिलिलिटर. म्हणजे २४ ग्रॅम, २१५ कॅलरीच्या आसपास.

मी मापाकडे बघत बसले. डब्यातल्या ड्रेसिंगमध्ये दोन टेबलस्पून तेल, तर्रीत दोन टेबलस्पूनला थोडं कमी. एकाला ‘हेल्दी फॅट्स’ म्हणतात आणि दुसऱ्याचं नाव घेतलं तरी मुलं नाक मुरडतात. दोन्ही तेलं सारखी नाहीत, हे खरंच. ऑलिव्हच्या तेलातले स्निग्ध पदार्थ हृदयाला बरे, ठेल्यावर सोयाबीन की पाम हे मला माहीत नाही. पण मला वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि त्या हिशेबात दोन चमचे ते दोन चमचे. फरक इतकाच की तर्री मी आठवड्यातून एकदा, डोळ्यांनी बघून, ‘आज तेल आहे’ असं जाणून खात होते. ड्रेसिंग आठवड्यातून सहा वेळा, पुण्य म्हणून.

दुसऱ्या रविवारी ठेल्यावर विचारलं, तर्री कमी करशील का? त्यानं माझ्याकडे बघितलं, जसं कुणी लग्नात विचारावं की नवरदेव जरा कमी आणाल का. मग म्हणाला, “ताई, चना झाऱ्यानं काढून देऊ का? तर्री वाटीत, वेगळी.” तेव्हापासून तसंच. हरभरा तोच, कांदा जास्त, तर्री वाटीत आणि त्यातले दोन चमचे मी माझ्या हातानं घालते. चव? खोटं बोलणार नाही, ‘तर्री मार के’ची मजा नाही. पण सत्तर टक्के आहे, आणि पुढच्या रविवारची वाट बघायला तेवढी पुरते.

त्याच्या शेजारच्या समोशाच्या कढईकडे मात्र मी आता वळत नाही. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. ठेल्यावर उभं राहून ते कुणाला मोजता येतं? काळं, फेसाळलेलं, धूर सोडणारं तेल दिसलं की पुढे जायचं, एवढं मात्र येतं. तर्रीत निदान तळण नाही, फोडणी रोजची ताजी, हे मी सकाळी सहाला जाऊन बघितलंय. हो, गेले होते. सवय.

माझा भाचा पुण्याला आयटीत आहे, त्यानं मला यावर एक अभ्यास पाठवला. २०१९ मध्ये छापून आलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखेच, आणि सांगितलं, हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढले. भाच्याचा रोख माझ्या तर्री पोह्यांवर होता. मी त्याला डब्यासोबत शनिवारी फुकट येणाऱ्या ‘क्लीन प्रोटीन बार’च्या वेष्टनाचा फोटो पाठवला. घटक मी मोजले, १९ निघाले. त्यात प्रथिनांचा आयसोलेट (वेगळं काढलेलं प्रथिन), मल्टिटॉल (साखरेऐवजीचा गोडवा), दोन इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरणारे). आणि विचारलं, या दोघांत कारखान्यातलं कोणतं? पोहे म्हणजे भिजवून, भाजून, कुटलेला तांदूळ. तर्रीत हरभरा, कांदा, मसाला, तेल. तो अर्ध्या तासानं म्हणाला, मावशी, बार मी पण खातो. यानं तर्रीतलं तेल कमी होत नाही हे मला ठाऊक आहे. पण कोणत्या बाजूला काय ठेवायचं हे वेष्टनाच्या रंगावरून ठरवू नये.

तक्रारींचं थोडक्यात. ऑगस्टच्या उकाड्यात मोड आलेले मूग दोनदा आंबूस आले. पहिल्यांदा कळवलं तर उत्तर आलं की ती ‘नैसर्गिक चव’ आहे. दुसऱ्यांदा मी फोटोऐवजी डबाच परत पाठवला, तेव्हा दोन्ही डब्यांचे पैसे मिळाले, पण रोख नाही, ॲपच्या पाकिटात. चिठ्ठीत ड्रेसिंग धरा अशी विनंती मी चार वेळा केली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ‘३४० कॅलरी (बेस)’ असं छापून यायला लागलं. ‘बेस’ची अक्षरं वाचायला मला चष्मा लागला.

मी सप्टेंबरात काय केलं ते असं: ड्रेसिंग बंद, लिंबू आणि मीठ. लाडू दोनाचा एक, तोही चहासोबत, गुळाशिवाय. रविवारी पोहे. लाल नोंदी महिन्याभरात सहा, त्यातले चार रविवार, एक जिलेबी आणि एक पेढा, जो यावेळी मी पहिल्याच वेळी घेतला. संध्याकाळी अंबाझरीला ४० मिनिटं चालणं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा रक्त दिलं, ५.९. वजन पावणेदोन किलो कमी. हे डब्यानं झालं, चालण्यानं झालं, की ड्रेसिंग सोडल्यानं, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. तपासलेल्या खात्यात एकाच वेळी चार नोंदी बदलल्या की हेच होतं.

कुणी घ्यावा हा डबा? ज्याच्या घरी सकाळी कुणालाच भाजी चिरायला सवड नाही, एकटे राहणारे, रात्रपाळीवाले, त्यांनी जरूर घ्या, बुधवारसाठी तरी घ्या. ड्रेसिंग पहिल्या दिवसापासून बंद करायला सांगा. घरी स्वयंपाक होतो त्यांनी ११,४४० रुपये वाचवून जास्तीची भाजी आणि एक वजनकाटा आणावा. मी ऑक्टोबरपासून घरचा डबा नेते: दोन भाकरी किंवा पोळ्या, डब्याएवढीच भाजी, जवसाची चटणी. अंबाडीची भाजी त्या बाईसारखी मला अजून जमत नाही. कण्या किती घालतात हे मी ग्रुपवर विचारलं होतं. ‘सिक्रेट रेसिपी’ असं उत्तर आलं, सोबत डोळा मारणारा चेहरा.

ॲपच्या पाकिटात ४४० रुपये अजून अडकून आहेत. बरोबर दोन डबे येतात. येत्या बुधवारी एक मागवणार आहे, दुसरा सासूबाईंसाठी. किंमत विचारली तर फुकट आहे म्हणून सांगेन, आणि यावेळी ते खोटं होणार नाही.